भूतलावर घट नाही

ऑस्ट्रेलियातील फुटबॉलचा हंगाम सप्टेंबरअखेर मेलबर्नच्या क्रिकेट मैदानावर लाखभर प्रेक्षकांसमोर अंतिम सामन्याने संपतो, आणि त्या सामन्याचा जल्लोष पुरता विरला नाही तोच तेथील अठरा क्लबांच्या दफ्तरांत एक निराळाच, बिनआवाजी व्यवहार सुरू होतो : कोणाची मुदत वाढवावयाची, कोणाची अदलाबदल करावयाची, आणि कोणाचे नाव फर्दीवरून कमी करावयाचे. या शेवटल्या प्रकाराला तिकडे ‘डीलिस्ट’ करणे म्हणतात. पेशवाईतल्या कारकुनाला हा शब्द समजावून सांगताना फारसे श्रम पडले नसते, कारण ‘बडतर्फ’ हा शब्द त्याच्या लेखणीच्या टोकाशीच होता. पण बडतर्फीत काही कसूर, काही आगळीक गृहीत असते, आणि डीलिस्ट झालेल्या मुलाने बहुधा काहीच केलेले नसते. त्याच्याविषयी सांगावयाचे ते एवढेच, की गेल्या सालच्या यादीत तो होता आणि या सालच्या यादीत तो नाही.

२०१७ च्या हंगामानंतर पश्चिम किनाऱ्यावरील फ्रीमँटल क्लबाने अशा रीतीने जी नावे कमी केली त्यांत सॅम कॉलिन्स हे एक होते. वय तेवीस, काम बचावाचे, त्यातही गोलाच्या तोंडाशी उभे राहून प्रतिपक्षाच्या धिप्पाडातल्या धिप्पाड आक्रमकाला आवरण्याचे. २०१५ च्या भरतीत त्याला मेलबर्नच्या बॉक्स हिल हॉक्स या संघातून उचलले होते. दोन हंगामांत मोजके सामने त्याच्या वाट्याला आले, आणि मग फर्द त्याच्यापुरती संपली. तो मेलबर्नकडे परतला आणि २०१८ साली शहराच्या नैर्ऋत्येकडील वेरिबी या गावाच्या क्लबाकडून, म्हणजे एक पायरी खालच्या स्पर्धेत, खेळू लागला. त्याच वर्षाच्या अखेरीस खंडाच्या दुसऱ्या टोकाच्या गोल्ड कोस्ट क्लबाने त्याच्याशी करार केला. या क्लबाचे टॉम लिंच आणि स्टीव्हन मे हे दोघे सहकर्णधार तेव्हाच दुसरीकडे निघून गेले होते, त्यांतला मे हा तर बचावाचा आधारस्तंभच होता. क्लबाची अवस्था इतकी हलाखीची की लीगने त्याला नेहमीच्या भरतीची वाट न पाहता खालच्या स्पर्धांतले काही खेळाडू परभारे घेण्याची खास सवलत बहाल केली, आणि त्या सवलतीतून कॉलिन्स पुन्हा यादीवर आला. दोन वर्षांनी, २०२० साली, त्या क्लबाने वर्षातला आपला सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याचीच निवड केली.

वर्तमानपत्रात ही हकीकत वाचली तर ती चिकाटीची म्हणून वाचली जाईल, आणि तशी ती आहेही. परंतु ज्या माणसाने तारुण्यात पुण्याच्या एका वाड्याच्या माडीवर बसून अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ घोकला, त्याच्या मनात ती वाचताना चिकाटीच्या आधी दुसरीच एक गोष्ट येते. ती म्हणजे आमच्या गुरुजींची जमीन. गुरुजी बोटाने शेणाने सारवलेली जमीन दाखवीत आणि विचारीत, “येथे घट आहे काय?” आम्ही म्हणत असू, “नाही.” “मग ‘घट नाही’ हे तुम्ही कशाविषयी बोललात? घटाविषयी की जमिनीविषयी?” आम्ही पोरे हसत असू. आज पन्नास-पंचावन्न वर्षांनी ते हसू परत घ्यावेसे वाटते, कारण एखाद्या तरुणाचे नाव यादीतून कमी होते तेव्हा जो प्रश्न उभा राहतो तो अक्षरशः हाच आहे : ‘यादीत तो नाही’ हे विधान त्याच्याविषयीचे आहे, की यादीविषयीचे?

या प्रश्नाकडे जाण्यापूर्वी बचावपटूचा धंदा काय असतो हे पाहिले पाहिजे, कारण मला ते बऱ्याच उशिरा आणि नातवाच्या कृपेने कळले. माझी मुलगी वेरिबीजवळच्या टार्नीट या उपनगरात राहते. त्या सबंध विंडम परगण्यात आता आपल्याकडची इतकी माणसे आहेत की दुकानातून पोहे घेताना जाड की पातळ असा प्रश्न विचारला जातो. एका जुलैत, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यात, नातू मला वेरिबीच्या मैदानावर घेऊन गेला. वाऱ्याला धार होती. काळ्या-पिवळ्या गळपट्ट्या गुंडाळलेली म्हातारी माणसे कठड्यावर कोपरे टेकून उभी होती आणि प्रत्येकाच्या हातात कागदात धरलेला गरम मीट पाय होता. मी इमानाने चेंडूच्या मागे नजर फिरवीत होतो. पंधरा-वीस मिनिटांनी नातू कंटाळून म्हणाला, “आजोबा, तुम्ही बॉलकडे बघताय. बॉलकडे नका बघू. तो लांब उभा आहे ना, सहा नंबरचा, त्याच्याकडे बघा.”

मी पाहू लागलो. सहा नंबरचा गडी आपल्या प्रतिस्पर्ध्याच्या पाठीशी हातभर अंतरावर उभा होता, इतका स्वस्थ, की त्याला खेळाशी काही कर्तव्य नाही असे वाटावे. मधूनच तो त्या प्रतिस्पर्ध्याच्या दंडाला आपल्या दंडाचा नुसता स्पर्श करी, जसा आंधळा माणूस भिंत आहे ना याची खात्री करून घेतो. मग मैदानाच्या मध्यातून एक लांब, उंच लाथ आली. आक्रमक दोन पावले धावून उसळला. त्याचे दोन्ही तळवे उघडे, डोक्याच्याही वर, आणि चेंडू त्यांत बसणार हे कठड्यावरच्या सगळ्यांनी मनोमन मान्य केले. बसता तर तो ‘मार्क’ झाला असता, त्याला मोकळी लाथ मिळाली असती, आणि तेवढ्या अंतरावरून सहा गुण चुकत नाहीत. तेवढ्यात त्या दोन तळव्यांच्या मधल्या फटीतून पाठीमागून एक वळलेली मूठ वर आली, चेंडूवर आपटल्याचा ‘थप्’ असा ओला आवाज झाला आणि चेंडू रेषेबाहेर गेला. ना पाठीला धक्का, ना हाताला स्पर्श. झाला असता तर पंचाने शिट्टी फुंकली असती. दोघेही चिखलात पडले, उठले, आणि सहा नंबरचा पुन्हा हातभर अंतरावर जाऊन उभा राहिला. शेजारचा म्हातारा मीट पायचा घास तोंडात ठेवूनच ‘हूं’ म्हणाला. या कृतीला ‘स्पॉइल’ म्हणतात, आणि आकडेवाल्यांच्या वहीत ती इतर किरकोळ कामांबरोबर ‘वन परसेंटर’ या सदरात, म्हणजे शंभरातला एक हिस्सा म्हणून, जमा होते.

गुणफलक मात्र होता तेथेच होता. या खेळात प्रत्येक टोकाला चार खांब असतात. मधल्या दोन उंच खांबांतून चेंडू गेला तर सहा गुण, बाजूच्या ठेंगण्या खांबांतून गेला तर एक. सहा मिळाले की गोलपंच दोन निशाणे फडकावतो, एक मिळाला की एक. जे घडले नाही त्यासाठी निशाण नाही. सर्वाधिक गोल करणाऱ्याला जॉन कोलमनच्या नावाचे पदक आहे, आणि तो मान रास्तच आहे, कारण एसेंडनच्या त्या कोलमनने अवघ्या ९८ सामन्यांत ५३७ गोल केले होते. पण न होऊ दिलेल्या गोलांची नोंद कोणत्या वहीत कशी करावी हे कोणालाच सुचलेले नाही. पंचांच्या मतांवर ठरणारे ब्राउनलो पदक १९२४ पासून दिले जाते. त्या मानकऱ्यांत गोलाच्या तोंडचा बचावपटू शोधू गेल्यास १९५५ च्या साउथ मेलबर्नच्या फ्रेड गोल्डस्मिथसारखे एखाद-दुसरे नाव हाती लागते, आणि हात पुन्हा रिकामा होतो.

आपल्या तत्त्वज्ञांनी या अडचणीवर फार पूर्वी डोके चालवले आहे. कणादाने विश्वातल्या पदार्थांची जी मोजदाद केली ती सहांवर थांबली : द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय. पुढे वैशेषिकांना आणि नैयायिकांना असे आढळून आले की या सहा कप्प्यांत काही केल्या न मावणारी एक गोष्ट उरते, आणि ती म्हणजे ‘नसणे’. तेव्हा अभाव हा सातवा पदार्थ मानला गेला. आपल्याकडे शून्याचे कौतुक पुष्कळ होते. त्या मानाने अभावाला पदार्थाची सनद देणाऱ्या या मंडळींचे कौतुक झालेले नाही, आणि माझ्या मते त्यांचे धाडस मोठे आहे. ‘घट नाही’ हा नुसता आपल्या मनाचा खेळ नव्हे, जगात तसे काही आहे, असे त्यांनी बजावून सांगितले. प्राभाकर मीमांसकांना हे पटले नाही. ते म्हणाले, रिकामी जमीन म्हणजे जमीनच, तिच्यावर आणखी ‘अभाव’ नावाचा पाहुणा कशाला बसवता? वेरिबीच्या कठड्याशी उभा असताना मी नैयायिकांच्या बाजूचा झालो. गुणफलक तोच राहिला हे खरे, परंतु तो तोच राहणे हे त्या मुठीने घडवले होते. तेथे एक सहा गुणांचा अभाव निर्माण झाला होता, आणि तो निर्माण करणारा माणूस गुडघ्याचा चिखल झटकीत माझ्यापासून चाळीस हातांवर उभा होता.

ही मंडळी या कलेत इतकी निष्णात असतात की प्रसंगी एक देऊन सहा वाचवतात. स्वतःच चेंडू आपल्या ठेंगण्या खांबांतून ढकलतात. २००८ च्या अंतिम सामन्यात हॉथॉर्नच्या बचावाने जिलाँगला असे अकरा गुण खुशाल वाटले आणि सामना जिंकला. तेव्हा पुढल्या हंगामापासून कायदेमंडळींना नवे कलम घालावे लागले, की दडपण नसताना असे केल्यास प्रतिपक्षाला मोकळी लाथ मिळेल.

आता कळीचा मुद्दा. अभाव आहे हे मान्य केले, तरी तो कळतो कशाने? भाट्ट मीमांसकांनी, म्हणजे कुमारिलाच्या अनुयायांनी, त्यासाठी अनुपलब्धी नावाचे स्वतंत्र प्रमाण मानले : घट दिसत नाही, म्हणून घट नाही. नैयायिक म्हणाले, वेगळे प्रमाण नको, डोळ्यांनीच काम भागते. बौद्ध धर्मकीर्तीने ते अनुमानात बसवले. तिघांचे भांडण मोठे आहे, पण एका अटीवर तिघांचेही, आपापल्या परिभाषेत, एकमत आहे, आणि ती अट जगातल्या यच्चयावत निवड समित्यांनी भिंतीवर लावून ठेवावी अशी आहे : न दिसण्यावरून नसणे तेव्हाच ठरवावे, जेव्हा ती वस्तू असती तर खात्रीने दिसली असती. भरदिवसा, उघड्या डोळ्यांनी, सारवलेल्या जमिनीवर घट दिसला नाही, तर घट नाही. अंधाऱ्या खोलीत दिसला नाही, तर काहीच ठरत नाही. आणि खांबावर पिशाच दिसत नाही एवढ्यावरून पिशाच नाही असेही म्हणता येत नाही, कारण पिशाच ही दिसण्याजोगी वस्तूच नव्हे; हा पिशाचाचा दाखला शास्त्रातलाच आहे, माझा नव्हे.

बावीस-तेवीस वर्षांच्या बचावपटूच्या ठिकाणी ‘पात्रता दिसत नाही’ असा शेरा एखाद्या दफ्तरात पडतो, तेव्हा त्या खोलीत दिवा होता की नाही हे कोणी विचारावे? गोल करणारा मुलगा अठराव्या वर्षी चमकतो, कारण चमकणे हेच त्याचे काम. बचाव करणाऱ्याची उंच हाडे भरावयास आणि मुठीला ती फट सापडावयास आणखी चार-पाच वर्षे लागतात, ही गोष्ट त्या खेळात पोराटोरांनाही ठाऊक आहे. शिवाय त्याचे कर्तृत्व मुळातच अभावरूप. ज्याची कमाई ‘काय घडले नाही’ यात मोजावयाची, त्याच्याकडे पाहून ‘काही दिसत नाही’ म्हणणे हे मौनी बुवाच्या कीर्तनाला ऐकू येत नाही म्हणून उठून जाण्यासारखे आहे. चांगदेवाने पाठवलेले कोरे पत्र मुक्ताबाईच्या हाती पडले तेव्हा ती थट्टेने म्हणाली, की इतका योगी, आणि कोरा तो कोराच राहिला. निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून ज्ञानेश्वरांनी मात्र त्याच कोरेपणाला पासष्ट ओव्यांचे उत्तर धाडले. कागद एकच, वाचणारे दोन. आणि मुक्ताबाईचे म्हणणेही खोटे नव्हते.

फ्रीमँटलच्या दफ्तराला मी दोष देत नाही. चाळीस-बेचाळीस जागांची फर्द, वर मुशाहिऱ्याची मर्यादा; दर वर्षी नवी मुले घेणे भाग, म्हणून दर वर्षी कोणाचे तरी नाव जाणे भाग. यादी ही वस्तूच अशी की ती अनुपलब्धीवर चालते. तिला दिवा लावून वाट पाहण्याची सवड नसते.

पण यादीने चूक केली की नाही, यापेक्षा ती जे बोलली ते कोणाविषयी बोलली, हा माझा प्रश्न आहे. नैयायिकांच्या मते अभावाला दोन टोके असतात. ज्याचा अभाव तो प्रतियोगी; ज्या ठिकाणी अभाव ते अधिकरण. भूतलावर घट नाही, येथे घट प्रतियोगी आणि भूतल अधिकरण. आणि अभाव राहतो कोठे? अधिकरणावर. घटाचे नसणे जमिनीवर नांदते. घट आपला शेजारच्या खोलीत पाण्याने भरलेला, गार, असावा तसा आहे. त्या न्यायाने ‘यादीत कॉलिन्स नाही’ हे यादीचे वर्णन झाले. त्या दिवशी उणेपण आले ते एका कागदाला.

हे ज्ञान मला ग्रंथातून मिळण्याच्या आधी आईकडून मिळाले होते, फक्त तेव्हा ते न्यायशास्त्र आहे हे कळले नाही. माझे वडील एका सरकारी कचेरीत तात्पुरते कारकून होते. त्या काळी अशा कारकुनांची नेमणूक साल-दरसाल होई आणि मार्चअखेर नव्या फर्दीत नाव आहे की नाही हे दरवाजावर चिकटवलेल्या कागदावरून कळे. एका वर्षी ते दुपारीच घरी आले. टोपी खुंटीला न लावता हातातच धरून ओसरीवर उभे राहिले आणि आत पाहून म्हणाले, “फर्दीत नाव नाही.” आई चुलीपुढून उठली नाही. तिने ताट मांडल्याचा आवाज मी ऐकला. “फर्दीत नाही ना?” ती म्हणाली, “पानावर आहे. हात धुवा अहो, भात निवतो.” वडील जेवले. जेवताना त्यांचा हात थोडा थरथरत होता आणि ताकाची वाटी कलंडली, हेही मी पाहिले.

तो थरथरणारा हात मला माझ्या सोप्या सिद्धांतात बसवता येत नाही, आणि नव्यनैयायिकांनाही बसवता आला नसता असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय होईल; त्यांनी त्याचाही विचार केला आहे. अभाव अधिकरणावर राहतो खरा, पण घट काही अगदीच अस्पर्श सुटत नाही. त्याच्या अंगी ‘प्रतियोगिता’ नावाचा एक संबंध येऊन बसतो. निळेपणा किंवा जडपणा जसा घटात असतो तशी ती असत नाही, त्याच्या मातीचा कणही तिने बदलत नाही; तरी ‘ज्याचा तेथे अभाव आहे तो हा’ अशी ओळख त्याला चिकटते. डीलिस्ट झालेला मुलगा घरी येतो तेव्हा त्याचे खांदे, त्याची मूठ, त्याची धाव सगळे कालचेच असते. गल्लीतला माणूस मात्र त्याच्याकडे पाहून आधी त्या कागदाची आठवण काढतो, आणि चार महिने असे गेले की मुलगाही आरशात तेच पाहू लागतो. मुशाहिरा थांबतो तो तर याहून रोखठोक. आईला हे सगळे ठाऊक होते. त्या वैशाखात तिने पाटल्या मोडल्या.

येथे नव्यनैयायिकांनी आणखी एक शब्द दिला आहे, जो परिभाषेच्या काट्याकुट्यांमुळे बदनाम झाला आणि खरे तर अत्यंत दयाळू आहे : अवच्छेदक. अभाव सांगताना तो कोणत्या रूपाने, कोणत्या मर्यादेत, हे सांगितल्यावाचून विधान पुरे होत नाही. निळा घट नाही म्हणजे घटच नाही असे नव्हे. वडिलांचा अभाव कारकून या रूपाने होता, जेवणारा या रूपाने नव्हता. कॉलिन्सचा अभाव, फार तर, ‘पुढल्या हंगामासाठी, या किमतीत, या संघाच्या गरजेचा बचावपटू’ या लांबलचक अवच्छेदकाने मर्यादित होता. व्यवहारात आपण हे शेपूट कापून टाकतो आणि उरलेले ‘नाही’ तेवढे माणसाच्या गळ्यात बांधतो. शिक्षेपेक्षा ही काटकसर अधिक क्रूर आहे.

दोन समाधाने येथे दाराशी उभी असतात आणि दोन्हींना मी आत घेत नाही. पहिले प्रारब्धाचे : गेल्या जन्मीचे काही होते, ते फिटले, दिवस पालटले. या युक्तिवादाची मोठी सोय अशी की त्यात यादी करणाऱ्याला कोणी काही विचारत नाही. कारकुनाची चूकही कर्मविपाकात खपून जाते. दुसरे अधिक सुंदर आहे. टार्नीटमधल्या आमच्या एका शेजाऱ्याने, जो रविवारी नेमाने चर्चला जातो, मला बांधणाऱ्यांनी टाकून दिलेल्या आणि मग कोनशिला झालेल्या दगडाचा ख्रिस्ती दृष्टांत सांगितला. ऐकून गहिवर आला. घरी येताना मनात आले, की त्या दगडाच्या सभोवती आणखी पुष्कळ दगड टाकलेले असतील, आणि एका इमारतीला कोनशिला एकच लागते. दर ऑक्टोबरात ज्यांची नावे कमी होतात त्यांतल्या बहुतेकांना कोणत्याही गोल्ड कोस्टचा दूरध्वनी येत नाही. ते सुतारकाम करतात, शाळेत शिकवतात, शनिवारी गावच्या क्लबात खेळतात. परत बोलावणे आले म्हणून कॉलिन्सची योग्यता सिद्ध झाली असे म्हणू लागलो, तर बोलावणे न आलेल्यांची अयोग्यताही सिद्ध झाली असे म्हणावे लागेल, आणि आपण पुन्हा त्याच अंधाऱ्या खोलीत घट शोधू. गोल्ड कोस्टने त्याच्यात काही निर्माण केले नाही. त्यांनी त्याला पाहिले, आणि तेही स्वतःची जमीन रिकामी पडली होती म्हणून.

शास्त्रात एक बारीक वाद आहे. घट फुटला तर प्रध्वंसाभाव. त्याला आरंभ आहे, अंत नाही. घट घडण्यापूर्वीचा तो प्रागभाव. त्याला अंत आहे, आरंभ नाही. पण घट नुसता उचलून दुसरीकडे ठेवला आणि मग परत आणला तर? मधल्या काळातले नसणे या दोहोंत बसत नाही, कारण त्याला आरंभही आहे आणि अंतही. बहुतेकांनी त्याची सोय अत्यंताभावात कशीबशी लावली. काहींनी त्याला सामयिकाभाव असे निराळे नाव दिले. मला हे निराळे नाव आवडते. २०१८ च्या हिवाळ्यात वेरिबीच्या मैदानावर त्याच चिखलात सॅम कॉलिन्स प्रतिस्पर्ध्याच्या पाठीशी हातभर अंतरावर उभा असताना त्याचे वरच्या यादीतले नसणे यांतल्या कोणत्या जातीचे आहे, हे कोणालाच सांगता आले नसते. फुटलेला घट आणि हलवलेला घट, रिकाम्या जमिनीवर सारखेच दिसतात.

गोल्ड कोस्टला गेल्यावर त्याचे नशीब उजळले असे कोणी म्हणेल, म्हणून सांगतो : त्याच्या पहिल्या हंगामात, २०१९ मध्ये, तो क्लब २२ सामन्यांपैकी ३ जिंकून तळाला राहिला. बचावपटूला याहून अधिक काम कोठे मिळणार? जिंकणाऱ्या संघाच्या गोलाच्या तोंडी उभा असलेला माणूस दुपारभर वारा खातो. हरणाऱ्याच्या तोंडी चेंडूंचा पाऊस पडतो, आणि ज्या सामन्यात पंधरा गोल झाले तेथे अठरा का झाले नाहीत याचा हिशेब त्याच्या एकट्याकडे असतो. २०११ साली लीगमध्ये आलेल्या या क्लबाला पहिले चौदा हंगाम बाद फेरीचे दर्शनही झाले नाही. ते झाले सप्टेंबर २०२५ मध्ये, आणि गाठ पडली ती पर्थमध्ये, फ्रीमँटलशी. गुण समसमान असताना डेव्हिड स्वॉलो या त्यांच्या जुन्या खेळाडूची लाथ उंच खांबांना चुकून ठेंगण्या खांबांतून गेली. एक निशाण फडकले, आणि गोल्ड कोस्टने तो सामना त्या एका गुणाने जिंकला.

नातवाने मला हे दूरध्वनीवर सांगितले तेव्हा तो ओरडत होता, आणि मला क्षणभर काव्यात्म न्यायाचा मोह झाला, नाही असे नाही. मग वाटले, की त्या सामन्यात दोन्ही बाजूंच्या मुठींनी किती सहा-सहा गुण हवेतल्या हवेत विझवले असतील. त्यांतला एक जरी निसटता, तरी त्या एका गुणाला कोणी विचारले नसते. मी नातवाला विचारले, “अरे, स्पॉइल किती झाले?” तो म्हणाला, “आजोबा, ते कोण मोजतं!” मग स्वतःच थांबून म्हणाला, “थांबा, मोजतात. बघून सांगतो.” तो अजून सांगावयाचा आहे.

वडिलांना त्या सालच्या श्रावणात परत बोलावणे आले. कचेरीचा तो बहालीचा हुकूम, मोहोर आणि सही असलेला जाड कागद, त्यांनी दोनदा वाचला आणि आईकडे दिला. देवापुढे ठेवील अशी त्यांची कल्पना असावी. तिने तो फडताळात कैरीच्या लोणच्याच्या बरणीखाली अंथरला, कारण बरणीचे तेल फळीवर उतरत होते आणि तेवढ्या मापाचा कागद घरात दुसरा नव्हता. ती गेल्यावर फडताळ आवरताना मला तो सापडला. बरणी केव्हाच कोणीतरी नेली होती. अक्षरे बहुतेक पुसट झाली होती, वडिलांचे नाव अर्धे वाचता येत होते, आणि त्यावरून गेलेले तेलाचे पिवळे वर्तुळ तेवढे स्वच्छ, वाटोळे, बरणीच्या बुडाएवढे उमटलेले होते.